स्वयंपाकघरातली पंचगंगा: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दाखवणारी दिव्यांची पट्टी

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की चहा यायच्या आत बंधाऱ्याचा विषय निघतो. "किती झाली?" "सदतीस." कशाची, कुठली, कोणी विचारत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर जास्तच.

नदीची पातळी इंचात सांगणाऱ्या याच गावात आमच्या गच्चीवरची टाकी किती भरली, हे मात्र शेजारच्या काकूंनी "अहो, पाणी वाहतंय तुमचं!" म्हणून हाक मारल्यावर कळायचं. आईचे गुडघे कुरकुरायला लागले आणि जिना चढून टाकीत डोकावायचं काम माझ्याकडे आलं. दोन आठवड्यांत मी कंटाळलो आणि हे यंत्र बनवलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ४५ दिव्यांची एक उभी पट्टी आहे. टाकीत पाणी चढेल तसे खालून एकेक दिवे लागत जातात. ३९ व्या दिव्याला पट्टी पिवळी होते, ४३ व्याला लाल होते आणि बझर वाजतो.

पूर्वी एखादा एलईडी मिचकावला असेल तर दोन रविवारांत होईल. अगदीच पहिली वेळ असेल तर चार धरा. खर्च दीड-दोन हजारांच्या आसपास, हत्यारं घरात असतील तर.

काय काय लागेल

ईएसपी३२ हा वायरलेस असलेला, प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड. त्याचे दोन घ्या, एक गच्चीजवळ आणि एक स्वयंपाकघरात. अर्डुइनो नॅनो स्वस्त पडतो, पण त्याला वायरलेस नाही, आणि तीन मजले वायर खाली आणायची म्हणजे भिंतीला भोकं आणि घरच्यांची बोलणी. पाणी मोजायला जेएसएन-एसआर०४टी नावाचा अल्ट्रासोनिक सेन्सर घ्या, म्हणजे आवाज सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर सांगणारा. सगळ्या किटमध्ये मिळणारा दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४ टाकीत लावू नका. त्याचे डोळे उघडे असतात आणि टाकीतल्या वाफेने तो गंजतो. जेएसएनचा डोळा गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखा बंद असतो आणि त्याला साधारण अडीच मीटर वायर असते.

दिव्यांसाठी डब्ल्यूएस२८१२बी जातीची, प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी पट्टी घ्या, मीटरला ६० दिवे असलेली. तिचे ४५ दिवे कापले की ७५ सेंटिमीटर होतात. बाकी किरकोळ: ५ व्होल्टचे दोन चांगले मोबाइल चार्जर, १ किलोओहमचे तीन रेझिस्टर, ३३० ओहमचा एक, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १एन४००७ डायोड, छोटा बझर आणि गच्चीसाठी पाणी न शिरणारा जंक्शन बॉक्स. आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, बाकीचं पुढच्या महिन्यात.

यूएसबी केबल डेटावाली आहे ना, ते बघा. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. मी एक अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर काढून घालण्यात घालवली होती, दोष केबलचा होता.

आधी टाकी मोजा

हे काम बहुतेक जण शेवटी करतात आणि मग सगळे आकडे बदलत बसतात. मीटरपट्टी घेऊन वर जा. झाकणात सेन्सर जिथे बसेल तिथून तळापर्यंतचं अंतर मोजा. माझ्या हजार लिटरच्या टाकीत ते १२८ सेंटिमीटर भरलं. मग तिथून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत मोजा. माझ्याकडे १३ सेंटिमीटर.

आता एक अडचण. हा सेन्सर साधारण २०-२५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं काही धड मोजत नाही. तोच डोळा आवाज सोडतो आणि तोच ऐकतो, त्यामुळे सोडल्यावर त्याची स्वतःची थरथर थांबेपर्यंत परत आलेला आवाज त्याला कळत नाही. पाणी १५ सेंटिमीटरवर आलं की तो बिनधास्त भलताच आकडा सांगतो. मी आधी झाकणावर पाइपाचा तुकडा उभा करून सेन्सर उंच बसवला. अरुंद पाइपाच्या भिंतींवरून आवाज आपटून टाकी कायम भरलेलीच दिसायला लागली. शेवटी सरळ ठरवलं: सेन्सरपासून २७ सेंटिमीटरवर पाणी आलं की टाकी भरली. वरचे १४ सेंटिमीटर हिशेबाबाहेर. तेवढ्या जागेत पाणी चढेपर्यंत उठून मोटर बंद करायला वेळ मिळतो, म्हणजे नुकसान काहीच नाही.

तर मोजायची खोली १२८ वजा २७, म्हणजे १०१ सेंटिमीटर. ४५ दिव्यांत वाटली की एका दिव्याला सव्वादोन सेंटिमीटर. लिटर काढायचे असतील तर टाकीचा घेर मोजा, त्याचा वर्ग करा आणि १२.५७ ने भागा. माझा घेर सुमारे ३३० सेंटिमीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ८,६०० चौरस सेंटिमीटरच्या पुढे. एका सेंटिमीटरला साडेआठ लिटर, आणि एका दिव्याला एकोणीस. म्हणजे अंघोळीची एक बादली. हा हिशेब आईला लगेच पटला. "अकरा दिवे आहेत" म्हणजे अकरा बादल्या आहेत, पाहुण्यांना अंघोळीला पाठवायचं की नाही हे तिचं ती ठरवते.

टेबलावर जोडणी

एकदम टाकीवर जाऊ नका. ब्रेडबोर्डवर आधी सेन्सरचा बोर्ड जोडा. सेन्सरला ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. ट्रिगर, म्हणजे आवाज सोडायला सांगणारी पिन, बोर्डाच्या जीपीआयओ २५ या पिनेला. एको, म्हणजे उत्तर देणारी पिन, तिची वायर मात्र सरळ जोडायची नाही. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, त्याचा एको ५ व्होल्टचा येतो, आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एकोपासून १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या, त्याचं दुसरं टोक जीपीआयओ २६ ला, आणि त्याच टोकापासून ग्राउंडपर्यंत १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. झाले ५ चे ३.३. नुसत्या वायरीवरही काही दिवस चालतं, म्हणून लोक हे टाळतात. मग एक दिवस पिन मरते.

पिना निवडताना ६ ते ११ ला हात लावू नका, त्या बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीकडे जातात. ३४ ते ३९ या फक्त ऐकतात, बोलत नाहीत, म्हणजे त्यांच्यावर ट्रिगर चालणार नाही.

अर्डुइनो आयडीई या, प्रोग्राम लिहून बोर्डात घालायच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२ चं पॅकेज घ्या आणि बोर्ड म्हणून डेव्ह मॉड्यूल निवडा. अपलोड करताना "कनेक्टिंग" लिहून पुढे ठिपकेच येत राहिले तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, अपलोड सुरू झालं की सोडा.

पहिला प्रोग्राम एवढंच करेल: ट्रिगर पिन २० मायक्रोसेकंद वर करायची, खाली आणायची, आणि पल्सइन हे तयार फंक्शन वापरून एको किती वेळ वर राहिला ते मोजायचं. पल्सइनला ३०,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या, नाहीतर आवाज परत आला नाही की प्रोग्राम तिथेच ताटकळत बसतो. मिळालेल्या वेळेला ५८ ने भागलं की सेंटिमीटर. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आपला आवाज जाऊन परत येतो, त्यावरून हा ५८ निघाला.

सेन्सर भिंतीकडे करा, जमिनीवर मीटरपट्टी टाका, आणि ३०, ६०, १०० सेंटिमीटरवर काय आकडा येतो ते वहीत लिहा. मग बादलीत पाणी घेऊन तेच. एक-दीड सेंटिमीटरचा फरक राहणारच. दहाचा राहिला तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा ५ व्होल्ट म्हणून जे दिलंय ते प्रत्यक्षात साडेचारच असतात, मल्टिमीटर लावून बघा.

सेन्सर खोटं बोलतो, हे गृहीत धरा

पाण्यावर लाट उठते, नळाची धार मध्ये येते, डोळ्यावर थेंब जमतो. दहातला एक आकडा भलताच येतो. त्यामुळे एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ६० मिलिसेकंदांच्या अंतराने सात वेळा मोजा, सातही चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. सरासरी घेऊ नका. सहा आकडे ९० आले आणि एक २४ आला तर सरासरी ८० वर येते, मधला मात्र ९० च राहतो.

२२ पेक्षा कमी आणि १४० पेक्षा जास्त आकडे आधीच फेकून द्या. सातांपैकी चारपेक्षा कमी आकडे हाती राहिले तर "मोजता आलं नाही" असं खाली कळवायचं. जुना आकडा पुन्हा पाठवायचा नाही. माझ्या पहिल्या प्रोग्रामने नेमकं तेच केलं. सेन्सरची वायर सुटली होती, पट्टीवर तीस दिवे झोकात लागलेले, आणि टाकीत घोटभरही पाणी नाही. डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत वडिलांनी यंत्राबद्दल जे मत दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

मे महिन्यात आणखी एक गंमत होते. काळ्या टाकीतली हवा तापून ४५ अंशांवर गेली की आवाज सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास धावतो. एक मीटर अंतर चार-साडेचार सेंटिमीटरने कमी दिसतं, म्हणजे दुपारी दोन दिवे फुकटचे लागतात. अडत असेल तर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरसह जोडा आणि ५८ च्या जागी तापमानावरून काढलेला आकडा घाला. मी जोडला नाही. दोन बादल्यांची चूक आम्ही मनातल्या मनात वजा करतो.

वरचा निरोप खाली

दोन बोर्डांत बोलणं करायला ईएसपी-नाऊ ही या बोर्डांची आपसात थेट बोलायची पद्धत वापरा. घरातला राऊटर बंद असला तरी ते चालतं, एका वेळी निदान २५० बाइटचा निरोप जातो आणि आपल्याला लागतात जेमतेम दहा: अंतर, किती आकडे खरे आले, आणि निरोपाचा क्रमांक. आधी खालच्या बोर्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा वायरलेस ओळख क्रमांक, सीरियल मॉनिटरवर (आयडीईतली बोर्डाचं लिहिणं दाखवणारी खिडकी) छापून घ्या, तो वरच्या प्रोग्राममध्ये घाला. दोन्ही बोर्ड स्टेशन मोडमध्ये ठेवा.

एक खड्डा सांगून ठेवतो. ईएसपी३२ पॅकेजच्या ३.० आवृत्तीपासून निरोप घेणाऱ्या फंक्शनची घडण बदलली. पूर्वी त्याला पहिला मॅक पत्ता मिळायचा, आता माहितीचं एक स्ट्रक्चर मिळतं. जुनी उदाहरणं उतरवून घेतली तर कंपायलर त्याच ओळीवर अडतो. तुमचा दोष नाही, ती ओळ नवीन पद्धतीने लिहा.

वरचा बोर्ड दर दहा सेकंदांनी निरोप पाठवेल. खालच्या बोर्डाला एक मिनिट काहीच आलं नाही तर पट्टी विझवून तळातला एकच दिवा जांभळा लुकलुकवा. वरून "मोजता आलं नाही" आलं तरी तेच. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: जांभळा म्हणजे जिना चढा.

पट्टी बसवण्याआधी वरचा बोर्ड गच्चीच्या जिन्यात ठेवून खाली निरोप येतो का, ते बघा. आमच्याकडे दोन स्लॅबमधून आला, पण बोर्ड फ्रिजच्या मागे ठेवला की बंद. दोन हात बाजूला सरकवला, मग लागला.

दिव्यांची पट्टी

पट्टीवर बाण छापलेले असतात. डेटा बाणाच्या शेपटीकडून आत जातो, उलट जोडलं तर काहीच होत नाही. जीपीआयओ २७ पासून ३३० ओहमचा रेझिस्टर घालून डेटाची वायर द्या. पट्टीच्या प्लस-मायनसवर कपॅसिटर लावा, त्याचं मायनस टोक नीट बघून.

इथेही ३.३ आणि ५ व्होल्टचं भांडण आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला डेटा निदान साडेतीन व्होल्टचा हवा असतो, बोर्ड ३.३ देतो. कधी चालतं, कधी पहिला दिवा वेड्यासारखा रंग बदलतो. साधा उपाय: पट्टीच्या प्लस वायरीत १एन४००७ डायोड घाला, पट्टा असलेलं टोक पट्टीकडे. पट्टीला ४.३ व्होल्ट मिळतात, मग तिला डेटा ३ व्होल्टचा पुरतो. उजेड किंचित कमी होतो, स्वयंपाकघरात तो कमीच बरा.

फास्टएलईडी लायब्ररीत उजेड २५५ पैकी ४० वर ठेवा. हे फक्त डोळ्यांसाठी नाही. एक दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, ४५ दिवे म्हणजे २.७ अँपिअर. तो डायोड एका अँपिअरचा आहे. ४० च्या उजेडात हिरवी पट्टी दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास राहते, पिवळी त्याहून जास्त. पट्टीचा करंट बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून घेऊ नका, चार्जरच्या ५ व्होल्टवरून घ्या, आणि ग्राउंड सगळ्यांचं एकच हवं. सीरियल मॉनिटरवर "ब्राउनआउट" असं दिसून बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर चार्जर किंवा केबल कच्ची आहे.

रंगांचे नियम माझे असे: आठ दिव्यांपर्यंत निळा, म्हणजे पाणी जपून. नऊ ते अडतीस हिरवा. ३९ पासून पिवळा, ४३ पासून लाल आणि बझर. बझर जीपीआयओ १४ वर.

बझरबद्दल थोडं थांबून वाचा. ४३ व्या दिव्याच्या सीमेवर पाणी हलतं, दिवा लागतो-विझतो, आणि बझर मिनिटाला दहा वेळा किंचाळतो. त्याला दोन सीमा हव्यात. एकदा ४३ ला वाजला की पातळी ४० च्या खाली उतरेपर्यंत पुन्हा वाजायचं नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे इथे सगळ्यांना माहीत आहेत. पाणी चढलं की ते आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात. ते जर लाटेलाटेला उघडझाप करत बसले असते तर काय झालं असतं, तोच विचार बझरला लावा.

भिंतीवर लावायला मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून आणली. कारागिराने आधी विचारलं, "दुकानाचा बोर्ड काय?" सांगितल्यावर म्हणाला, "मग आकडे पण टाका की बंधाऱ्यावरचे." त्याच्याच सांगण्यावरून पांढऱ्यावर काळे फुटांचे आकडे रंगवले. दिवे अ‍ॅक्रिलिकपासून दीड-दोन सेंटिमीटर मागे ठेवा, नाहीतर ठिपके ठिपके दिसतात.

गच्चीवर

झाकणाला सेन्सरच्या मापाचं भोक पाडा, शक्यतो जिथे नळाची धार पडते त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि भिंतीपासून निदान वीतभर लांब. भोक पाडताना प्लास्टिकचा चुरा टाकीत पडतो. झाकण काढून खाली ठेवूनच काम करा. सेन्सर सरळ खाली बघायला हवा. थोडा तिरका बसला तरी आवाज पाण्यावरून भलतीकडे जातो.

२३० व्होल्ट गच्चीवर न्यायचे नाहीत. चार्जर जिन्याच्या कोरड्या भागात ठेवा आणि फक्त ५ व्होल्टची वायर बाहेर काढा. बॉक्समध्ये वायरी खालच्या बाजूने आत घ्या, आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जाईल, वायरीच्या कडेने बॉक्समध्ये शिरणार नाही. आमच्याकडे जुलैचा पाऊस आडवा येतो. वरून घेतलेली वायर म्हणजे पन्हाळ. आत सिलिका जेलची पुडी टाका, नवीन बुटांच्या खोक्यात मिळते ती चालते.

मोटर आपोआप बंद करायची का

सगळे हेच विचारतात. लगेच नको. महिनाभर नुसते दिवे बघा, यंत्र किती वेळा चुकतंय ते वहीत लिहा. चुकणाऱ्या सेन्सरच्या हाती मोटर दिली तर ती कोरडी फिरेल किंवा रात्रभर चालेल.

आणि करायचीच असेल तर ती निळी छोटी रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, मोटरला सरळ जोडू नका. तिच्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढते. रिलेचे संपर्क वितळून चिकटतात आणि मग बोर्डाने "बंद" म्हटलं तरी मोटर ऐकत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा स्विच, चालवावा, कॉन्टॅक्टरने मोटर, आणि मध्ये एक साधा फ्लोट स्विच असावा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स झोपलं तरी पाणी वाहणार नाही. हा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आमची मोटर आजही हातानेच बंद होते. बझर वाजला की आई खालून ओरडते, "अरे, धोका पातळी! उठ की!"

मृगाच्या आधी दरवर्षी एक फेरी मारा. सेन्सरचा डोळा ओल्या फडक्याने पुसा, बॉक्समधली सिलिका जेलची पुडी बदला, कोळ्यांची जाळी काढा. मग झाकण उचलून मीटरपट्टी पाण्यात सोडा, खाली फोन लावून किती दिवे आहेत ते विचारा, आणि दोन्ही आकडे वहीत मागच्या वर्षीच्या शेजारी लिहा.